चुलीमागचे दहा बैल
पांढऱ्या मातीचा ओला वास आला का आजबी माही नजर चुलीमागं जाते. माही पोरगी दुसरीत दोनदा नापास झालती, गुरुजीनं म्हणून घेतलेला पाढा तिच्या कानात टिकेच ना, पण डोळ्यानं पाह्यलेलं ते कधी भुले नाही, म्हणून म्या चुलीमागच्या भितीवर तिच्याच हातून कोळशानं दहा बैल काढवले, एकेका बैलाचे चार पाय, झाला चाराचा पाढा. आठ दिवसात डोळे मिटून सांगे, "सात बैल, अठ्ठावीस पाय, माय!" तपासणीचे साहेब यायच्या आदल्या दिवशी सासू म्हणे, "पोळा तोंडावर आला अन् भित काळीच ठेवशीन काय वं?" म्या म्हटलं, "परवा सारवीन." "आता तू मले शिकवशीन?" मी भेली, अन् पोरगी पाण्याले गेलती तेवढ्यात म्या पांढऱ्या मातीनं दहाही बैल सारवून टाकले. दुसऱ्या दिवशी धापा टाकत शाळेच्या खिडकीपाशी गेली, तं साहेब विचारे, "चार साते किती?" पोरीनं डोळे मिटले, मिटूनच उभी राह्यली, मंग रडत म्हणे, "भित पांढरीच दिसते." पोरं हासले, गुरुजी म्हणे, "साहेब, हिच्या डोक्यात शेणच आहे," अन् मी पदर तोंडावर घेऊन खिडकीपासून मागं सरली. सासूनं तिची शाळा तिथूनच बंद केली. आता पोळ्याले भित पोरगीच सारवते, अन् चुलीमागं आली का धूर झोंबला तरी डोळे उघडेच ठेवते.