दिवसा गोष्ट सांगू नये

बोर्डीचे एक निवृत्त मास्तर छोटासा दिवाळी अंक काढत. २०१९च्या उन्हाळ्यात ते म्हणाले, यंदा तुझी कथा घेतो, पण सासू-सुनेची नको, विज्ञानकथा दे नाहीतर काहीतरी अद्भुत दे. मी तलासरीत शिवणकाम करते. ब्लाउजला हुक लावता लावता मला कल्पना सुचतात, आणि त्याही एकदम तीन-तीन. त्यातली निवडायची कोणती, ते मात्र काही केल्या सुचत नाही.

पहिल्या कल्पनेत बोर्डीचा समुद्र ओहोटीला जातो तो परत येतच नाही. लोक त्याला शोधायला चालत निघतात, वाटेत समुद्राच्या तळावर बाजार भरतो. बाजार झकास जमला, पण समुद्र सापडल्यावर त्याला काय विचारायचं ते कुणालाच सुचेना, मलाही नाही. दुसरीत चिकू खाल्ला की ते झाड लावणाऱ्याच्या आठवणी आपल्याला येऊ लागतात. ही इतकी गोडगोड झाली की माझं मलाच मळमळलं. तिसरीत आमच्याकडच्या भूकंपाच्या धक्क्यांचं भाषांतर करणारं यंत्र होतं. जमीन बोलते, पण मराठीत की गुजरातीत, यावर सरकारी समिती बसते ती उठतच नाही. लिहिताना हसू यायचं, पण दोन पानांनंतर कथेचा तक्रार अर्ज व्हायचा.

आता धक्के म्हटलं की माझा मोठा भाऊ आलाच. आदल्या हिवाळ्यात जमीन हलायला लागली तेव्हा तो गंजाडहून टेम्पो घेऊन आला. सामान भरा आणि माझ्याकडं चला, म्हणाला. नवऱ्याची नोकरी इथं, मुलीची शाळा इथं, आम्ही नाही म्हटलं. तो भडकला. "मरा मग इथंच," म्हणून जो गेला तो फिरकलाच नाही. डहाणूचे चिकू घेऊन तो वापीला जायचा, म्हणजे आमच्याच फाट्यावरून. टेम्पो गेला की चहावाला मला मुद्दाम सांगायचा. मी म्हणायचे, जाऊ दे मेला. मग घरात येऊन मशीन इतक्या जोरात चालवायचे की दोरा तुटायचा. भाऊ एकुलता एक आहे हो. राग होता तसा जीवही तुटत होता.

तर कल्पना निवडायच्या म्हणजे कुणाला तरी ऐकवायला हव्यात. नवरा ऐकता ऐकता घोरतो. उरली आठ वर्षांची लेक, आणि ती दिवे लागल्यावर जेवून लगेच झोपणारी. म्हणून एका दुपारी तिला समोर बसवलं आणि समुद्रापासून सुरुवात केली. तिने दोन्ही कानांत बोटं घातली. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे ती आजोळी शिकून आली होती. मी समजावलं की पोरांनी कामाच्या वेळी गोष्टींचा हट्ट धरू नये म्हणून मोठ्यांनी काढलेली ती युक्ती आहे. छे, बोटं काही निघेनात. माझं डोकंच फिरलं.

"तुझा मामा तसाही येत नाही," मी ओरडले. "चुकला काय नि न चुकला काय."

हे बरं तिला नीट ऐकू आलं. बोटं काढून ती म्हणाली, "मग तशी गोष्ट लिही ना. मामाला जायचं असतं दुसरीकडं, आणि वाट चुकून तो आपल्याकडं येतो."

मी कात्री खाली ठेवली. असं गाव असेल, जिथं ही समजूत खरीच आहे, तर? रुसलेल्या भावांना आणायला बायका भरदुपारी अंगणात बसून पोरांना गोष्टी सांगतात, आणि हायवेवर सुरतेला निघालेले मामा भलतीकडेच वळतात. बाकीच्या तीन कल्पना मी त्याच क्षणी गुंडाळून ठेवल्या. पण एक अडलं. गाडी नेमकी चुकते कशी? मला साधी स्कूटर चालवता येत नाही, आणि ओळखीचा टेम्पोवाला एकच.

दोन दिवस फोन उचलायचे नि ठेवायचे. शेवटी कथेसाठी म्हणून लावला. कसा आहेस वगैरे न विचारता थेट म्हटलं, दादा, वापीला निघालेला टेम्पोवाला वाट चुकून आमच्याकडं कसा येईल?

त्याने टेम्पो कडेला घेऊन इंजिन बंद केल्याचं ऐकू आलं.

"चुकून कशाला येईल?" तो म्हणाला. "तुझ्या फाट्याला दर खेपेला गाडी हळू होते माझी. जे बोलून बसलोय, ते आठवतं नि वळवायची हिंमत होत नाही."

मी म्हटलं, ये तू, मी एक शब्द बोलणार नाही. हे तुला जमेल का, असं त्याने विचारलं, आणि दोघंही हसलो.

रविवारी ऐन दुपारी तो आला. लेक त्याच्या मांडीवर चढून बसली आणि तिने मला हुकूम सोडला, मामा इथंच आहे, आता सांग. तिन्ही कल्पना सांगितल्या. समितीला दादा खो-खो हसला. मग चौथी घेतली. तिच्यात मी एक नियम घातला होता, की गोष्ट मध्येच थांबली तर मामा अर्ध्या रस्त्यात अडकतो, ना इकडचा ना तिकडचा. नेमकं तिथंच मी दादाकडं पाहिलं आणि माझीच गोष्ट मध्ये थांबली.

दादाने खाली पाहत लेकीच्या केसांवरून हात फिरवला.

"पुढं सांग गं," तो म्हणाला. "अर्ध्या वाटेत नको ठेवू मला."

मी पदराने तोंड पुसलं आणि शेवटपर्यंत सांगितली. मास्तरांकडं तीच गेली.