रोजची दहा वाक्यं

"ऐका गं सगळ्या. आपल्यात एक मॅडम लपून बसलीय."

पर्यवेक्षिका बाईंनी माझी वही वर धरली. तालुक्याच्या हॉलात महिन्याची मीटिंग होती. आम्ही चाळीस-पन्नास अंगणवाडी सेविका खाली सतरंजीवर, बाई वर खुर्चीत. पोरांच्या वजनाची रजिस्टरं तपासायला टेबलावर ठेवली होती. माझ्या रजिस्टरात माझी इंग्रजीची वही अडकून तशीच गेली होती. मला पत्ताच नाही.

बाईंनी वही उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. ठेका धरून, पहिलीतली पोरं कविता म्हणतात तशा.

"आय ॲम अंगणवाडी सेविका. आय कुक खिचडी. सखुबाई इज वॉश द भांडे. माय हजबंड इज ईट तंबाखू."

हॉल फुटला हसून. ज्या गोष्टीचा शब्द मला येत नव्हता तिथं मी मराठीच शब्द ठेवायची. मागून शोधू म्हणून. मागून एकीनं हाक दिली, "अगं माय, मग तंबाखू इंग्रजीत थुकतेत का मालक?" पुन्हा हसणं. माझ्या शेजारची माझी मैत्रीण, जिच्या बाळंतपणात मी रात्रंदिवस बसले होते, तीही हसली. पदर तोंडाला लावून हसली, पण हसली.

आणि मीही हसले. सांगायला आजही जड जातं. सगळ्यांबरोबर मीही हसले.

"यांना परीक्षा द्यायचीय," बाई म्हणाल्या. "माझ्या खुर्चीत बसायचंय. ह्या इंग्रजीवर." त्यांनी पान उलटलं. "इटिंग स्लो. क्राय नो. पूजा इज सेवन किलो. आय राइट एट अँड हाफ. आय ॲम..."

बाईंचं तोंड मिटलं. वही मिटली. "चला, रजिस्टरं घ्या," म्हणाल्या. हॉल अजून मागच्याच वाक्यावर हसत होता. पुढं काय होतं ते कुणी विचारलं नाही. पुढं होतं, आय ॲम अफ्रेड. मला भ्या वाटतं.

आता ही वही कुठून आली ते सांगते, थोडं मागं जाऊन.

सातवीत माझं लग्न झालं. दहावी बाहेरून दिली, दोन लेकरं झाल्यावर. बारावी अंगणवाडीत लागल्यावर. मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. शिकवायला कुणी नव्हतं, पुस्तक आणि मी. सेविकांमधून पर्यवेक्षिका नेमायची परीक्षा निघाली तेव्हा माझं वय अटीच्या काठावर आलेलं. तेवढी एकच संधी. मराठी, गणित, सामान्यज्ञान यांचं मला काही वाटत नव्हतं. इंग्रजीपाशी घोडं अडायचं.

बीडला स्टँडजवळ जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर एक गाइड मिळालं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, रोज स्वतःची दहा वाक्ये लिहा. खाली नमुन्याला वाक्यं होती. माझा काका लंडनला राहतो. आम्ही रविवारी बागेत जातो. म्हटलं, काका न्हाई, लंडन न्हाई, बाग न्हाई. स्वतःची म्हणजे स्वतःचीच लिहायची ना? मग मी जे बघत होते ते लिहायला लागले. दुपारी खिचडी खाऊन पोरं झोपली की उंबऱ्यावर बसायची. गोळ्यांच्या पाकिटावरून शब्द घ्यायचे, पोषण आहाराच्या पोत्यावरून घ्यायचे. वॉर्निंग. नेट वेट. कीप ड्राय. माझी मदतनीस सखुबाई माझ्याहून मोठी, तिला अक्षरओळख नाही. ती म्हणायची, "तुमी म्हणा बाई, मी हूं म्हणते." मी गो, वेंट, गॉन म्हणायची, ती हूं म्हणायची. असा आमचा वर्ग. आता गावातल्या पोरी मोबाइलवर शब्द पाठ करतात, त्यांना हे सांगितलं तर खोटं वाटतं.

त्याच वेळची पूजा.

पूजा दीड वर्षाची. तिचे आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला कारखान्यावर गेले. लेकराला संगं न्यायचेच ते, पण आदल्या साली फडातल्या थंडीनं तिला न्यूमोनिया झालता. म्हणून यंदा आजीपाशी ठेवली. आजी गयाबाई, डोळ्यांनी अधू. भाकर पाण्यात कुस्करून भरवायची. बाकीची पोरं काट्याच्या झोळीत बसवली की गाव गोळा करायची. पूजा रडायची नाही. मला आधी कौतुक वाटायचं. मग कळलं, तिच्यात रडायला जोरच नव्हता.

काटा सातवर थांबला. दीड वर्षाचं लेकरू, सात किलो. असं लेकरू रजिस्टरात 'तीव्र' म्हणून लिहायचं असतं. तसं लिहिलं की त्याला दवाखान्यात दोन आठवडे ठेवून घेतात, औषध देतात, खायला घालतात. मी लिहायला पेन काढलं.

त्या दिवशी बाई भेटीला आल्या होत्या. बाई मोठ्या घरच्या. सासरी बागायत, दीर पुढारी. गावात त्यांची गाडी आली की सरपंच उभा राहायचा.

"तीव्र लिहू नका," बाई म्हणाल्या. "वरून पाहणी यायचीय. आपल्याकडं एकही तीव्र नकोय मला."

"बाई, पोरगी लई वाळलीय."

"काट्याचं इकडंतिकडं होतंच. साडेआठ लिहा. पुढच्या महिन्यात भरून निघेल."

मी साडेआठ लिहिलं. माझ्याच हातानं, माझ्याच पेनानं.

आणि दुपारी त्या वहीत खरं लिहिलं. का, विचाराल. मराठीत लिहिलं असतं तर सखुबाईच्या नातवानंही वाचलं असतं. इंग्रजीत लिहिलं की वाटायचं, सांगितलंही आणि कुणाला कळलंही नाही. पोटातलं ओझं खाली ठेवल्यासारखं वाटायचं. रोज दहा वाक्यं. त्यातली दोन-तीन पूजाची. ती वाक्यं बरोबर यावीत म्हणून मी गाइड उलटंपालटं करायची. लेकरू समोर वाळत होतं आणि मी वाक्य दुरुस्त करत होते.

मीटिंग सुटल्यावर बाईंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. टेबलावर माझा परीक्षेचा अर्ज होता. पर्यवेक्षिकेच्या सहीशिवाय तो पुढं जात नाही.

"ही पानं फाडा," बाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "मग सही करते."

त्यांनी वही माझ्यापुढं ठेवली.

"शेवटची संधी आहे ना तुमची?"

मी फाडली. चार पानं. बाईंनी ती घडी घालून पर्समध्ये टाकली आणि अर्जावर सही केली. वही माझ्याकडं सरकवत म्हणाल्या, "अभ्यास करा. कच्चं आहे इंग्रजी."

येताना मी युसूफ वडगावच्या बाजारात उतरले आणि पेढे घेतले. सही झाली म्हणून. हेही लिहून ठेवते, लपवत नाही. गयाबाईच्या दारात थांबून एक पेढा पूजाच्या तोंडात घातला. तिनं जरा चोखला आणि बाहेर काढला. गयाबाई म्हणाली, "तिला काईच गोड लागंना बगा."

पौषात पूजा गेली. दोन दिवस जुलाब, ताप. जीप मिळेपर्यंत अंग गार पडलं.

आईबाप दुसऱ्या दिवशी पोचले. तोवर माती दिलेली. पूजाची आई सुनिता, पंचवीसही नसेल. उसाच्या पानांनी हात चरचर कापलेले. ती आजीच्या घरात टेकलीच नाही, सरळ माझ्या दारात येऊन बसली.

त्याच्या तासभर आधी बाईंचा फोन आला होता. "ताप होता म्हणायचं. वजनाचं काही बोलायचं नाही. अर्ज पुढं गेलाय तुमचा."

सुनिता म्हणाली, "बाई, मी फडातून फोन केलता तुमाला. इचारलं की, पोरीचं वजन भरतंय का. तुमी व्हय म्हणलात."

म्हणले होते. मी व्हय म्हणले होते.

ताप हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. सोपा शब्द. मी आत गेले आणि रजिस्टर आणून तिच्यापुढं उघडलं.

"सुनिता, वजन सात व्हतं. मी साडेआठ लिहिलं. हे खोटं हाय. मी लिहिलं."

वाटलं, ती मला मारील. मारायला पाहिजे होतं. तिनं त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "सात हाय म्हणला असता तर मी आलेच असते की माय. फड सोडून आले असते."

उठली आणि गेली.

त्या दुपारी मी दहा वाक्यं लिहिली नाहीत. एक पानभर लिहिलं, मराठीत. पूजाचं वजन किती होतं, मी किती लिहिलं, कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं. माझी चूक पहिल्या ओळीत, बाईंची दुसऱ्या. खाली सही केली आणि तालुक्याला जाऊन हातानं देऊन पोच घेतली.

पंधरा दिवसांनी चौकशीला साहेब आले. बरोबर बाई. अंगणवाडीत दोनच खुर्च्या, दोघं बसले. मी उभी. सखुबाई दाराशी. दोघं आपसात इंग्रजीत बोलायला लागले. माझ्यासमोर, मी खांब असल्यासारखे.

साहेब म्हणाले, "इज शी नॉर्मल?"

बाई म्हणाल्या, "लिटल मेंटल, सर. एज फॅक्टर. शी वॉन्टेड प्रमोशन."

"क्लेरिकल मिस्टेक. टेक हर सिग्नेचर अँड क्लोज इट."

मग साहेब माझ्याकडं वळून मराठीत, गोड आवाजात म्हणाले, "मावशी, नजरचुकीनं आकडा चुकला, असं लिहून द्या. तुमचंही काम राहील, सगळं मिटेल."

मला प्रत्येक शब्द कळला होता. उंबऱ्यावर बसून, सखुबाईच्या हूंवर मी हेच शब्द पाठ केले होते. परीक्षेसाठी. मला वेडी म्हणतात ते समजावं म्हणून नव्हते केले.

मी साहेबांकडं वळून बोलले.

"सर, नॉट मिस्टेक. आय न्यू. शी टोल्ड मी. आय रोट."

या खेपेला कुणी हसलं नाही. बाईंनी मान खाली घातली. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. सखुबाई दारातून म्हणाली, "काय म्हणलात बाई?"

"खरं ते म्हणले."

"मग हूं," सखुबाई म्हणाली.

कागदावर मी सही दिली नाही. पुढं काय झालं? माझं मानधन सहा महिने अडकवून ठेवलं. बाईंची बदली झाली. बदलीच. दुसऱ्या तालुक्यात, तशाच खुर्चीवर. परीक्षेचं हॉल तिकीट आलं, सेंटर बीडचं होतं. मी गेले नाही. घरचे ओरडले, मैत्रीण रडली, म्हणाली, "कावून असं करतीस? तू पास झाली असतीस." झाले असते. खात्री होती मला. पण त्या अर्जावरच्या सहीसाठी मी काय दिलं ते दुसऱ्या कुणाला माहीत नसलं तरी मला माहीत होतं. पुन्हा वयात बसले नाही. सेविका म्हणूनच रिटायर झाले.

सुनिताला नंतर एक मुलगा झाला. त्याला ती आमच्या अंगणवाडीत आणायची नाही. कडेवर घेऊन शेजारच्या वस्तीवर जायची, पार दोन किलोमीटर. रस्त्यात भेटली तर माझ्याकडं बघत नाही. तिचं बरोबर आहे.

आता परीक्षावाल्या पोरी माझ्याकडं इंग्रजी शिकायला येतात. नव्या सेविका येतात. म्हणतात, आज्जी, ते जुनं कशाला सांगता प्रत्येकीला? तुमचंच नाव खराब होतं. होऊ द्या. मी पहिल्या दिवशी तेच सांगते, मग व्याकरण. ऐकून एखादी उठून जाते. गेली तर जाऊ द्या. तिला मी परत बोलावत नाही.

एकीनं विचारलं, सुनिताकडं कधी माफी मागितली का? नाही मागितली. मागणारही नाही. तिनं चुकून माफ केलं तर मी गप्प बसेन.

मला गप्प बसायचं नाही.