तोकुजींची तपासणी

पेन्शन सुरू झाली त्याच वर्षी शिझुएनं ठरवलं होतं, की म्हातारपणी ओसाकाला मुलीच्या दारात जायचं नाही, आपल्याच घरात राहायचं. औषधपाण्याचे पैसे तिनं वेगळे ठेवले. दारातल्या उंच पायरीला मधे एक टप्पा, न्हाणीघरात कठडा, संडासात आधाराचा दांडा, असं सगळं कागदावर उतरवून सुतारालाही विचारून ठेवलं. खर्चाचा मोठा वाटा नगरपालिका उचलते. फक्त तिथून माणूस येऊन बघतो आणि ‘यांना आधाराची गरज आहे’ असा शेरा मारतो, तो मिळायला हवा.

घोडं अडलं ते नवऱ्यापाशी.

तोकुजी निवृत्त मुख्याध्यापक, वय एक्क्याऐंशी. एरवी अंथरुणातून उठताना सगळा भार शिझुएच्या खांद्यावर. पण आज तपासायला नगरपालिकेच्या मात्सुनागाबाई येणार म्हटल्यावर स्वारी दाढी करून, कोट-टाय चढवून तयार.

“अहो, कुणाच्या लग्नाला निघालात? आहात तसे दिसा की आज.”

“घरी पाहुणी येतेय. लेंग्यावर बसू?”

बाई आल्या. तोकुजी चटईवर पाय मुडपून ताठ बसले. असे ते दोन वर्षांत बसले नव्हते.

“आंघोळ एकटे करता?”

“करतो.”

“जिना?”

“चढतो.”

“कुणाची मदत लागते?”

“कशाला?”

शिझुएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात पांगळा आणि परक्यापुढे पैलवान! पण परक्यासमोर नवऱ्याचं उणं काढायचं नाही, म्हणून ती चहा ओतत राहिली. शहाणी तीही नव्हतीच. पाहुणी येणार म्हणून उशाशी ठेवायचं लघवीचं भांडं सकाळी तिनंच कपाटात दडवलं होतं.

बाई फाइल मिटून उठल्या. पाहुण्याला दारापर्यंत पोचवलंच पाहिजे, म्हणून तोकुजीही उठायला गेले. उठवेना. हात टेकून पुन्हा जोर लावला, पण गुडघे जागचे हलेनात.

“शिझुए, तूच जा पोचवायला. मी जरा कप आवरतो.”

चोपन्न वर्षांच्या संसारात या माणसानं एक कप उचलला नव्हता. शिझुएनं कपाळाला हात लावला.

दारात बाई बूट घालत होत्या. शिझुए त्यांच्या मागे उभी राहिली. शेरा गेला तर पुढचा हिवाळा कसा काढायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

“बाई, जरा थांबा. त्यांना उठता येत नाहीये. रोजच येत नाही. मी उठवते, आणि आता माझ्यानं होत नाही.”

बूट काढून बाई परत आत आल्या आणि तोकुजींसमोर बसून त्यांनी फाइल उघडली.

“असं कधीपासून होतंय?”

शिझुए ‘दोन वर्षं’ म्हणणार, तेवढ्यात तोकुजी मान खाली घालून म्हणाले, “चार झाली. पहिली दोन मी हिलाही कळू दिली नाहीत.”