कोपऱ्यातला हिरवा खळगा

भुताखेताचं कोणी काढलं की मी सरळ उठून जातो. आज मलाच हे लिहायला बसावं लागतंय, याचाच संताप आहे. शाळा चौथीपर्यंत, चुका सांभाळून घ्या.

पिंपळगावजवळ आमची द्राक्षबाग. मागच्या हंगामात बागेतली गंजकी तार मनीच्या आईच्या पायात घुसली. इंजेक्शन घेऊन येते म्हणाली, तर मीच बोललो — "हळद लाव, काम पडलंय." धनुर्वातानं गेली.

आमची लेक मनी सातपूरला एका लॅबमध्ये आहे. तिथं धनुर्वाताच्याच विषावर औषध शोधतात. एका ताटलीला बारके बारके खळगे, प्रत्येकात जिवंत पेशी. विष लागलं की पेशींचा हिरवा उजेड जातो, औषधानं विष अडवलं तर राहतो. मशीन सगळ्यांचे फोटो काढतं. कोपऱ्यातल्या खळग्यात मात्र विष आणि नुसतं पाणी. तो काळाच पडायला पाहिजे.

मंगळवारी मी मनीचा डबा घेऊन जातो, काचेबाहेर बसतो. एका मंगळवारी तो कोपरा हिरवागार! बाकी सगळे काळे. पुढच्या मंगळवारीही तेच. पाणी बदललं, विष बदललं... मी नसलो की काळा, मी असलो की हिरवा.

मोठ्या मॅडम म्हणाल्या, "काका, रोज येऊन बसा बरं."

"मी काय बॅटरी हाय का?"

तरी बसलो. दोन दिवस हिरवा. तिसऱ्या दिवशी मला गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसवलं — काळा.

मनी हळूच म्हणाली, "नाना, आई जेवायला अशीच कोपऱ्यात बसायची ना?"

"शिकून वाया गेलीस! औषध गावलं का, ते सांग."

"नाना, त्यात औषधच नाय. काय लिहू मी?"

माझं डोकंच फिरलं. पुढच्या मंगळवारी काचेला तोंड लावून बोललो, "अगं, यायचंच होतं तर औषधाच्या खळग्यात यायचं! पाण्यात बसून कोणाचा जीव वाचणार हाय?"

त्या दिवशी कोपरा काळा. तेव्हापासून रोज काळाच.

मॅडम खूश, म्हणतात आता बरोबर चाललंय. आधी काय झालं होतं, ते त्यांनाही सांगता येत नाही, मला तर नाहीच. मी अजून जातो, बसतो, काही बोलत नाही.

हळदीच्या वेळी अन् काचेपाशी, दोन्ही वेळेला तोंड माझंच होतं...