पक्क्या बटणांची मावशी

बालगृहातली शिवणवाली मावशी तोंडाची भलती फटकळ, पण कामाला चोख. अठरा वर्षं पूर्ण झाली की पोरांना बालगृह सोडावंच लागे. मावशी प्रत्येकाला कपड्यांचे दोन जोड शिवून देई आणि वर दम भरी, "फाडून आणलंत तर याद राखा!"

तरी बाहेर पडलेली पोरं मेली आणायचीच. कुणाचं बटण तुटलेलं, कुणाची शिवण उसवलेली. मावशी बडबडत मशीनवर बसे, तेवढ्यात शेजारी बसलेल्या समुपदेशक ताईंशी पोरं बोलून घेत. खोलीत एकट्यानं जीव घाबरा होतो, कामावर उगाच रडू फुटतं, असलं सगळं. बालगृह सोडलेल्या पोरांसाठीच एक संस्था ताईंचा पगार देत होती.

मावशीला राग बटणांचा. आपण लावलेलं बटण तुटतं म्हणजे काय! मग आलेल्या एकेकाचे सगळे कपडे ठेवून घेऊन तिनं दुहेरी, मेण लावलेल्या दोऱ्यानं बटणं अशी आवळली की बस्स. दोन महिन्यांत पोरं यायची थांबली. मावशीची कॉलर ताठ!

आणि आज संस्थेच्या बाई पाहणीला आल्या. रिकामी खुर्ची बघून म्हणाल्या, "कुणाला गरजच दिसत नाही. पुढच्या वर्षी निधी दुसरीकडे वळवावा म्हणते." ताईंचा चेहरा पडला.

तेवढ्यात एक पोरगी दारात उभी राहिली. वर्षापूर्वी बाहेर पडलेली, दुकानात कामाला लागलेली. शर्टाला एकही बटण नाही, पुढून ओढणी घट्ट धरलेली. मावशीनं दोरे निरखले आणि कडाडली, "अगं भवाने, ही तुटलेली नाहीत! कात्रीनं कापलीस!"

"मग काय करू?" पोरगी रडायलाच लागली. "तुटतच नाहीत! आठ दिवस झोप नाही मला. इथं तीसजणी एका खोलीत झोपायचो. तिथं कुणाच्या श्वासाचासुद्धा आवाज नाही."

"अगं, मग नुसतं यायचं ना," ताई म्हणाल्या.

"नुसतं आलं की वाटतं, मला वेड लागलंय. शिवायला आलं की काही वाटत नाही."

म्हणजे सगळ्यांच्याच बटणांचं हे असं निमित्त, मावशीला उमगलं. आणि आपण मिशा पिळत होतो! तिला स्वतःचाच इतका राग आला की सुईत दोरा जाईना.

"बाई, चूक माझी," ती संस्थेच्या बाईंना म्हणाली. "पोरांची वाट मी बंद केली. तुम्ही करू नका."

बाई रिकाम्या खुर्चीत बसत म्हणाल्या, "निधी राहील. उरलेल्या पोरांना बोलावून घ्या आधी."

मावशी मशीनवर शेवटची शिवण घालत होती. पोरगी ताईंशी बोलता बोलता कापडाच्या ढिगावर कलंडली. डोळे मिटलेले बघून मावशीनं हळूच मशीन थांबवलं.

"थांबवू नका ना मावशी," पोरगी झोपेतच पुटपुटली. "आवाज राहू दे."

शिवायला काहीच उरलं नव्हतं. मावशीनं एक चिंधी सुईखाली सरकवली आणि पायडल मारत बसली.