पापुद्र्यातला बास

माझे भावोजी जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर होते. निवृत्त होऊन मिरजोळ्याला परतले तेव्हा त्यांच्या सामानात दोन चपट्या चौकटी निघाल्या, दाराएवढ्या उंच. ताईला वाटलं पार्टिशन आणलंय.

"स्पीकर आहेत गो," भावोजी म्हणाले.

मी बास गिटार, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवणारा. इथल्या ऑर्केस्ट्रात लग्नं, गणपती आणि थर्टी फर्स्टच्या पार्ट्या वाजवण्यातच माझी तरुणाई गेली. स्पीकर म्हणजे काळा खोका, त्यात कागदी कोन आणि छातीवर बसणारा दणका, एवढंच मला ठाऊक. इथे कोनच नव्हता.

"मग हलतं काय?"

भावोजींनी टॉर्च मारून दाखवलं. भोकं पाडलेल्या दोन पत्र्यांच्या मध्ये प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा ताणून बसवला होता. "याच्यावर हजारो व्होल्टचा भार असतो. गाण्याप्रमाणे पत्रे त्याला ओढतात नि ढकलतात. हात लावू नको."

मग त्यांनी रॉक लावलं. मीही पार्ट्यांत पुष्कळ वेळा वाजवलेलं गाणं. गायक खिडकीपाशी उभा राहून गातोय असं वाटलं. पण ड्रमवर जणू कुणी उशी ठेवली होती.

"भावोजी, याला पोटच नाही."

"पापुद्रा फार हलू शकत नाही ना. शिवाय मागूनही तेवढाच आवाज निघतो, पण उलटा. खालचे सूर कडेनं वळून पुढे येतात नि एकमेकांना खातात."

मला पटेना. उठून स्पीकरभोवती फिरलो. बरोबर कडेला आलो की बास गायब, समोर गेलो की हजर. पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

"प्रदक्षिणा घालतोस काय रे?" ताई हसली.

आम्ही चौकटी भिंतीपासून ओढून हॉलच्या मध्यावर आणल्या. बास जरा भरला. मी खुर्चीत बसलो, आणि ऐकता ऐकता पुढे सरकलो. दणका नव्हता, पण बासवाल्याचं बोट तारेवरून घसरताना ऐकू येत होतं. ध्रुवपदात तो एकाच सुरावर थांबत नव्हता. दोन सूर वर चढून परत येत होता. मी आजवर तिथे थांबूनच वाजवत आलो होतो.

"परत लावा."

त्यांनी परत लावलं. मी घरून गिटार आणली आणि हळू आवाजात सोबत वाजवून पाहिलं. दोन्ही सूर चपखल बसले. इतकी वर्षं ज्याच्या मागून वाजवत होतो, तो माणूस काय वाजवतोय ते मला आज कळत होतं. जेवायला हाक आली तरी मी गिटार सोडली नाही.

पुढच्या रविवारी मी ऑर्केस्ट्रातला वूफर, तोच दणक्याचा काळा खोका, टेम्पोतून आणून जोडला. फळीवरची भांडी थरथरली.

"आता वाटतं रॉक!" भावोजी खूश झाले.

"माझे दोन सूर कुठे गेले?"

ते दणक्यात बुडाले होते. वूफर कमी केला की सूर वर येत, पण भावोजींचा चेहरा उतरे. वाढवला की मी कुरकुरत असे. शेवटी तडजोड झाली: प्रत्येक गाणं एकदा वूफर लावून आणि एकदा बंद करून ऐकायचं.

ताईनं दोन्ही ऐकलं. "मला तर सारखंच वाटतं. पण या हॉलमधून मी जायचं कुठून, ते सांगा."

संध्याकाळी भावोजींनी नि मी मिळून हॉलमधलं जेवणाचं टेबल पडवीत नेलं.