मोहाखालच्या साड्या

चुडामणनाना साड्या चोरतात, अशी आवई पार चोपड्याच्या बाजारापर्यंत पोचली होती. दोरीवरची साडी दिसेनाशी झाली की आधी नानांच्या नावाने ओरड.

खरं एवढंच, की नाना जुनी लुगडी मागून न्यायचे आणि सातपुड्याच्या पायथ्याला मोहाच्या झाडांखाली अंथरायचे. मोहाची फुलं पहाटे गळतात. ती वेचताना नीट दिसावीत म्हणून बाकीचे खालचा पाचोळा पेटवून देत. त्यात कोवळी रोपंही जात, म्हणून नवं झाड उभंच राहत नसे. नानांची फुलं साडीवर पडत. काडी लागतच नसे.

"नाना, झाडेसले पदर देतस का?" शेजारचा जीवराम खिदळायचा.

यंदाच्या चैत्रात त्याच जीवरामने पाचोळा पेटवला आणि वारा फिरला. आग सरसर नाल्याकडे निघाली. नाना तिकडे धावले. नाल्यावरच्या जुन्या बेहड्याच्या झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी पिल्लांसकट होती. अंडी घालायच्या वेळी ती आतून दार लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. नर बाहेरून भरवतो. त्यात तिची पिसं झडलेली. पळणार कशी?

"आरे जीवराम, मादी मझार कोंडेल शे! चाल, साड्या भिजाड!"

"नाना, एक पाखरूसाठे?"

"हाई पाखरू उंबर खाईसन बी टाकस, तव्हय जंगल उगस! तू पेरस का?"

जीवरामने जवळची साडी ओढली. दोघं नाल्यातल्या डोहात साड्या बुचकळून आग झोडपू लागले. धुरात एकमेकांची तोंडं दिसेनात. ज्वाळ बेहड्याला भिडली, साल तडतडली. हातात उरला तो पुष्पाबाईंचा, नानांच्या बायकोचा, जरीकाठी शालू. हा एक मात्र खरोखर न विचारता उचललेला. ओला शालू बुंध्याला गुंडाळून नानांनी झाडालाच मिठी मारली.

आग विझली. पण नर धुराने पळाला होता. तो फिरकला नाही तर आतले सगळे उपाशी मरणार. ओरडा ऐकून मीही पोचले होते; गावभर नानांची नक्कल करत फिरणारी ती मीच.

"गया तो, आते येत नही," मी हुबेहूब नानांच्या आवाजात म्हटलं.

नाना भडकले. "लाव पैज! उना ते वरीसभर मनी नक्कल बंद!"

"कबूल." नर परत आला, तर वर्षभर नानांचा आवाज काढायचा नाही.

किती तरी वेळ नुसता धूर. नाना फटीकडे बघत उभे, हात भाजलेले. मग पंखांची जड फडफड झाली. चोचीत पिकलं उंबर धरून नर फांदीवर उतरला आणि फटीतून एक चोच बाहेर आली.

शालूबद्दल नानांनी पुष्पाबाईंना काय सांगितलं, ते त्यांच्याच आवाजात ऐकवण्यासारखं आहे. पण पैज हरलेय ना!